किरणोत्सव आणि वस्तूवरील प्रकाशप्रक्षेपण

कोल्हापूर येथील श्रीअंबाबाईच्या (महालक्ष्मीच्या) देवळात वर्षातून दोन वेळा किरणोत्सव होतो. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांना आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक व कासव चौक ओलांडून ते पितळी उंबऱ्याशी पोहोचतात, तेथून चांदीच्या उंबऱ्यावरून गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढू लागतात. त्या वेळी गाभाऱ्यातील दिवे मालवलेले असतात. काही मिनिटे मूर्तीवर सोनेरी प्रकाशाचा एक पट्टा सरकताना दिसतो आणि मग तो लुप्त होतो. जमलेला समुदाय आरती म्हणून परततो.

भाविकांच्या दृष्टीने हा देवीचा सोहळा आहे. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास, एका घन वस्तूवर हलता प्रकाशाकार अचूक जागी व अचूक वेळी पाडण्याचा हा प्रयोग आहे. आज हेच कार्य संगणकाच्या आज्ञावलीने चालणारे प्रक्षेपक, म्हणजेच प्रोजेक्टर, करू लागले आहेत. पांढऱ्या पडद्यावर चित्र दाखविणे हे प्रक्षेपकाचे जुने काम होय. पुतळा, इमारतीचा दर्शनी भाग, मातीचे भांडे किंवा नटाचा चेहरा अशा उंचसखल वस्तूवर, तिच्या प्रत्येक अवयवाशी जुळेल असा हलता प्रकाश पाडणे हे त्याचे नवे काम आहे. या दोहोंमागील तत्त्वे एकच आहेत. ती समजून घेतल्यास नवे यंत्र तर कळतेच, पण जुना किरणोत्सव कशामुळे घडतो व कशामुळे अडतो हेही अधिक स्पष्ट होते.

सूर्याची आज्ञावली

अशा कोणत्याही योजनेत चार घटक असतात : प्रकाशाचा उगम, त्याला आकार देणारी चौकट, दोहोंमधून वस्तूपर्यंत जाणारी मोकळी वाट आणि प्रत्यक्ष वस्तू. पाचवा घटक म्हणजे कालक्रम. प्रकाशाकार केव्हा व कसा हलावा याची व्यवस्था. प्रक्षेपकात ही व्यवस्था आज्ञावली करते. किरणोत्सवात ती सूर्याच्या गतीने होते.

आपले बहुतेक सण तिथीप्रमाणे येतात. किरणोत्सव मात्र इंग्रजी तारखांना बांधलेला दिसतो. याचे कारण उघड आहे. तिथी चंद्रावर अवलंबून असते. सूर्य क्षितिजावर कोठे मावळेल हे मात्र केवळ त्याच्या क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून त्याच्या असलेल्या अंतरावर, ठरते. १० नोव्हेंबरच्या आणि १ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्याची क्रांती दक्षिणेकडे सुमारे १७ अंश असते. डिसेंबरातील अयनदिनाच्या सुमारे एकेचाळीस दिवस आधी सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या स्थानावरून जातो, त्याच स्थानावर तो अयनदिनानंतर तितक्याच दिवसांनी परत येतो. म्हणूनच किरणोत्सव वर्षातून दोनदा येतो.

कोल्हापूरचा अक्षांश उत्तरेकडे सुमारे १६.७ अंश आहे. त्यावरून गणित केल्यास या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेला न मावळता पश्चिमबिंदूच्या सुमारे १८ अंश दक्षिणेकडे मावळतो असे निघते. तेव्हा गाभाऱ्यातील मूर्तीपासून महाद्वारापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे क्षितिजापर्यंत, त्याच दिशेने प्रकाशाला वाट मोकळी असली पाहिजे. दोन्ही वेळी आकाशातील स्थान एकच असले तरी घड्याळातील वेळ मात्र सारखी नसते. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीच्या अखेरीस तो साडेसहाच्या सुमारास होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने व तिचा आस कललेला असल्याने खरा सूर्य घड्याळाच्या सूर्याच्या कधी पुढे, कधी मागे पडतो. अर्ध्या तासाचा हा फरक त्यामुळेच पडतो.

ही आज्ञावली अत्यंत स्थिर आहे. ऋतुमानाशी जोडलेल्या दिनदर्शिकेत हजार वर्षांच्या काळातही या तारखा फार तर एखाद्या दिवसाने सरकतील. कोणत्याही मानवनिर्मित यंत्राला असा भरवसा देता येणार नाही. मात्र तिच्यात बदल करणेही कोणाच्या हाती नाही, आणि हाच सूर्य व प्रक्षेपक यांतील पहिला भेद होय.

प्रकाश वर का चढतो

सूर्य खाली जात असता मूर्तीवरील प्रकाश वर का चढतो, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. दाराच्या वरच्या कडेखालून आत येणारा किरण विचारात घ्यावा. सूर्य उंच असता हा किरण तिरपा खाली येतो व जमिनीवर पडतो. सूर्य जसजसा खाली येतो तसतसा किरण आडवा होत जातो, अधिक आत पोहोचतो आणि समोरच्या उभ्या वस्तूवर अधिक उंच जागी पडतो. म्हणजे दाराची वरची कड ही प्रकाशाच्या पट्ट्याची वरची कड ठरविते.

या हालचालीचा वेगही काढता येतो. या दिवसांत कोल्हापुरात सूर्य मावळताना दर मिनिटास सुमारे ०.२३ अंश खाली उतरतो. उदाहरणादाखल प्रकाशाला आकार देणारी चौकट मूर्तीपासून ५० मीटरवर आहे असे धरल्यास प्रकाशाची वरची कड दर मिनिटास सुमारे २० सेंटिमीटर वर चढेल. मूर्तीची उंची सुमारे तीन फूट आहे. ती चरणांपासून मुखापर्यंत उजळण्यास या हिशेबाने साडेचार मिनिटे पुरतात. त्याच वेळी सूर्य उत्तरेकडेही थोडा सरकत असतो, त्यामुळे प्रकाश दक्षिणेकडे, म्हणजे देवीच्या डाव्या हाताकडे, मिनिटास सहा सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. सोहळा अवघ्या काही मिनिटांचा असण्याचे कारण या दोन वेगांत आहे.

दिवसागणिक होणारा बदलही असाच मोजता येतो. या सुमारास मावळतीचा बिंदू रोज सुमारे ०.३ अंश सरकतो. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ०.५३ अंश आहे. म्हणजे मावळतीचा बिंदू रोज अर्ध्या बिंबाहून किंचित अधिक बाजूस जातो. ५० मीटरवरील चौकटीसाठी याचा अर्थ प्रकाशाचा पट्टा रोज सुमारे पाव मीटर बाजूस सरकणे असा होतो. तीनचार दिवसांतच तो गाभाऱ्याच्या अरुंद दाराबाहेर जातो, आणि उत्सव संपतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग व तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम सांगितला जातो, आणि तो दोन्ही वेळी सारखाच सांगितला जातो. परंतु नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे जात असतो व फेब्रुवारीत उत्तरेकडे येत असतो. आकाशातील स्थान पाहता ९ नोव्हेंबरची जोडी २ फेब्रुवारीशी लागते आणि ११ नोव्हेंबरची ३१ जानेवारीशी. तेव्हा तीन दिवसांचा क्रम केवळ सूर्यस्थानावर ठरत असता, तर तो एका उत्सवात दुसऱ्याच्या उलट आला असता. चरणांपासून मुखापर्यंतचा चढता क्रम एकेका सायंकाळच्या आत मात्र दोन्ही वेळी खरा ठरतो. कोणत्या दिवशी प्रकाश कोठवर पोहोचतो हे सूर्याइतकेच वाटेतील कडा, क्षितिजावरील ढग आणि हवेतील धूळ यांवर अवलंबून राहते. अलीकडे या तीन दिवसांच्या मागचेपुढचे दिवसही निरीक्षणासाठी धरले जातात, ते या दृष्टीने योग्यच होय.

सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे, याचाही परिणाम होतो. ५० मीटर अंतरावर सूर्यबिंबामुळे प्रकाशाची कड सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद व अस्पष्ट होते. म्हणजे पूर्ण उजेड आणि पूर्ण सावली यांच्यामध्ये मूर्तीच्या अर्ध्या उंचीइतका उपच्छायेचा पट्टा राहतो. किरण नेमके कोठवर पोहोचले याविषयी दोन प्रेक्षकांचे मत जुळत नाही ते बहुधा यामुळेच. या सूर्यप्रक्षेपणात भिंग नाही. प्रक्षेपकात भिंग असते, आणि ते वस्तूच्या अंतरावर नेमके जुळविल्यास कड रेखीव येते.

प्रक्षेपक म्हणजे उलटा कॅमेरा

कॅमेऱ्यात बाहेरच्या वस्तूपासून निघालेले किरण भिंगातून आत जाऊन फिल्मवर चित्र उमटवितात. प्रक्षेपकात आतल्या चित्रापासून निघालेले किरण भिंगातून बाहेर जाऊन वस्तूवर पडतात. प्रकाशाची वाट दोहोंत एकच. दिशा तेवढी उलटी. हे तत्त्व कोल्हापूरला नवे नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपट दाखविण्याचे यंत्र मिळवून त्याच्या अभ्यासावरून चित्रपट घेण्याचा कॅमेरा घडविण्याचा उद्योग याच शहरात आरंभिला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये आला. दाखविणाऱ्या यंत्रावरून घेणारे यंत्र बनविता येते, याचे कारण दोन्ही यंत्रे एकाच भूमितीची दोन टोके आहेत.

काचेवरील रंगीत चित्रे दिव्याने पडद्यावर पाडून त्यांत हालचालीचा भास निर्माण करण्याची कला महाराष्ट्रात त्याहूनही जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने असे प्रयोग १८९२ मध्ये सुरू केले होते. तेथे चित्र काचेवर एकदा रंगविले की ते कायम; हालचाल हवी असल्यास काचा बदलाव्या किंवा सरकवाव्या लागत.

आजच्या प्रक्षेपकात काचेची जागा सूक्ष्म आरशांच्या पाटीने घेतली आहे. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही रचना सिद्ध केली. बोटाच्या नखाएवढ्या जागेत लक्षावधी आरसे बसविलेले असतात. प्रत्येक आरसा एका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असून तो विद्युत्संकेताने सुमारे १२ अंशांनी एका बाजूस किंवा दुसऱ्या बाजूस कलतो. एका बाजूस कलला की त्याच्यावरील प्रकाश भिंगातून बाहेर जातो. दुसऱ्या बाजूस कलला की तो आतच शोषला जातो. मधली स्थिती नाही. करडी छटा हवी असल्यास आरसा सेकंदात हजारो वेळा उघडझाप करतो. तो जितका अधिक काळ उघडा राहील तितका तो बिंदू डोळ्यास उजळ दिसतो. १९२० स्तंभ आणि १०८० ओळी असलेल्या प्रक्षेपकात असे २०,७३,६०० बिंदू असतात. यांतील प्रत्येक बिंदू म्हणजे स्वतंत्रपणे उघडता व मिटता येणारा एक झरोकाच होय. देवळात एक चौकट व एक सूर्य आहे. येथे वीस लाख चौकटी आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीचे वेळापत्रक मनुष्य लिहू शकतो.

वस्तूची ओळख

परंतु झरोके कितीही असले तरी कोणत्या झरोक्यातील प्रकाश वस्तूच्या कोणत्या भागावर पडतो हे ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग नाही. सपाट पडद्यावर चित्राचा कोपरा पडद्याच्या कोपऱ्यावर बसविला की काम भागते. मूर्तीसारख्या वस्तूवर नाक पुढे, कान मागे, मधे खोलगट जागा अशी स्थिती असते. समोरून सरळ दिसणारी रेघ तिच्यावर वाकडी पडते. म्हणून वस्तूवर प्रकाश पाडण्यापूर्वी प्रकाशानेच वस्तूचे मोजमाप घ्यावे लागते.

यासाठी एक सुरेख युक्ती वापरतात. प्रक्षेपक प्रथम अर्धा भाग उजळ व अर्धा काळा असा आकार वस्तूवर टाकतो. नंतर पट्टे अधिकाधिक बारीक करीत जातो. प्रत्येक वेळी कॅमेरा छायाचित्र घेतो. वस्तूवरील एखादा बिंदू ज्या चित्रात उजळ असेल तेथे १ आणि काळा असेल तेथे ० असे लिहीत गेल्यास त्या बिंदूला आकड्यांची एक ओळ मिळते, आणि तीवरून तो प्रक्षेपकाच्या कितव्या स्तंभात येतो हे कळते. दोनाचा अकरावा घात २०४८ होतो. म्हणून १९२० स्तंभांसाठी अकरा चित्रे पुरतात. १०८० ओळींसाठीही अकराच लागतात. एकूण बावीस चित्रांत वीस लाख बिंदूंची ओळख पटते. पट्ट्यांचा क्रम असा योजतात की, शेजारच्या दोन स्तंभांच्या ओळींत एकाच आकड्याचा फरक पडावा. त्यामुळे पट्ट्याच्या कडेवरील बिंदू चुकला तरी चूक एका स्तंभापुरती राहते.

कॅमेऱ्यातील जागा आणि प्रक्षेपकातील जागा या दोन्ही कळल्या म्हणजे त्या बिंदूतून दोन रेषा काढता येतात. त्या जेथे मिळतात तेथे तो बिंदू अवकाशात असतो. जमिनीच्या मोजणीत दोन ठाण्यांवरून तिसऱ्या जागेचे अंतर ज्या रीतीने काढतात, तीच ही रीत. वस्तूचा आकार आधीच मोजलेला असेल तर काम आणखी सोपे होते. अवकाशातील बिंदू व प्रक्षेपकातील बिंदू यांचा संबंध सांगणाऱ्या समीकरणात अकरा अज्ञात संख्या असतात. प्रत्येक परिचित बिंदूपासून दोन समीकरणे मिळतात. म्हणून एका प्रतलात नसलेले निदान सहा बिंदू नीट जुळविले की प्रक्षेपक वस्तूच्या संदर्भात कोठे आहे हे निश्चित होते. प्रत्यक्षात अचूकतेसाठी याहून अधिक बिंदू घेतात.

या विषयाला शास्त्रीय पाया घालणाऱ्यांत एक नाव महाराष्ट्रातील आहे. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सहकाऱ्यांसह २००१ मध्ये 'शेडर लॅम्प्स' हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगासाठी घेतलेली एक वस्तू ताजमहालाची प्रतिकृती होती. रंगविहीन प्रतिकृतीवर प्रक्षेपकांनी असा प्रकाश टाकला की, दगडाचा पोत, रंग व बदलता उजेड तिच्या अंगीच आहेत असे वाटावे. वस्तूचे रूप हे तिचा आकार, तिच्या पृष्ठाचा रंग आणि तिच्यावर पडणारा उजेड यांतून सिद्ध होते. यांतील रंग काढून घेऊन तो उजेडात घातला तरी डोळ्याला भेद कळत नाही, हा या कामातील मूळ विचार होय.

काळा पाषाण आणि अंधार

ताजमहालाची प्रतिकृती फिकट पृष्ठाची होती. अंबाबाईची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. प्रक्षेपणात हा भेद मोठा आहे. प्रक्षेपक वस्तूवर प्रकाश घालू शकतो, तिच्यावरील प्रकाश काढून घेऊ शकत नाही. काळा रंग दाखविणे म्हणजे तेथे प्रकाश न टाकणे. भोवती आधीच उजेड असेल तर काळा भाग करडा दिसतो आणि आकार पुसट होतो. किरणोत्सवाच्या वेळी गाभाऱ्यातील दिवे मालविण्यामागे हेच कारण आहे. किरणांचे तेज त्यामुळे वाढत नाही, परंतु भोवतालशी असणारा त्याचा भेद वाढतो, आणि डोळा तेजापेक्षा भेदच अधिक पाहतो.

पृष्ठ किती प्रकाश परत फेकते हेही महत्त्वाचे ठरते. पांढरा चुना पडलेल्या प्रकाशाचा सुमारे आठ-दशांश भाग परत देत असेल आणि काळा दगड एक-दशांश देत असेल, तर दोन्ही सारखे उजळ दिसण्यासाठी दगडावर आठपट प्रकाश टाकावा लागेल. पृष्ठ प्रकाशाच्या दिशेपासून ६० अंश वळलेले असेल तर त्याच्या तेवढ्याच जागेवर निम्मा प्रकाश पडतो. अंतर दुप्पट केल्यास प्रक्षेपकाच्या प्रकाशाची तीव्रता चतुर्थांश होते. आज्ञावलीत या तिन्ही गोष्टींचा हिशेब धरून प्रत्येक बिंदूचे तेज आधीच कमीअधिक करून ठेवावे लागते. सूर्याला मात्र अंतराची ही अडचण नाही. तो इतका दूर आहे की महाद्वार आणि गाभारा त्याच्या दृष्टीने एकाच अंतरावर आहेत.

सूर्यास अडचण आहे ती हवेची. सूर्य क्षितिजापासून २ अंश वर असता त्याच्या किरणांना डोक्यावरील सूर्याच्या मानाने सुमारे वीसपट हवा भेदून यावे लागते. या लांब वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो व तांबूस-सोनेरी उरतो. किरणोत्सवाचा सोनेरी रंग हवेनेच दिलेला आहे. परंतु याच वाटेत धूर, धूळ किंवा बाष्प अधिक असेल तर सोनेरी प्रकाशही क्षीण होतो. आकाश निरभ्र दिसत असूनही किरण मूर्तीवर ठळक उमटत नाहीत, याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

वस्तू हलू लागली की प्रक्षेपकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या यंत्रात एका चित्राचा काळ सुमारे १७ सहस्रांश सेकंद असतो. सेकंदास एक मीटर वेगाने हलणारी वस्तू तेवढ्या काळात पावणेदोन सेंटिमीटर सरकते आणि डोळ्यासाठी काढलेला प्रकाश गालावर पडतो. म्हणून हलत्या वस्तूंसाठी सेकंदास एक हजार चित्रे टाकणारी यंत्रे घडविण्यात आली आहेत. किरणोत्सवात वस्तू स्थिर व उगम चल आहे. नाट्यगृहात उगम स्थिर व वस्तू चल असते. गणित मात्र दोहोंच्या सापेक्ष स्थानाचेच असते.

वाटेचे रक्षण

आतापर्यंतच्या विवेचनात सर्वांत कमी विचार ज्याचा झाला तो घटक म्हणजे वाट. प्रक्षेपकासमोर कोणी उभे राहिले की पडद्यावर त्याची सावली पडते व प्रेक्षक लगेच त्याला बाजूला सारतात. किरणोत्सवाची वाट देवळाच्या आत संपत नाही. ती महाद्वारातून बाहेर पडून रंकाळ्याच्या बाजूस वस्तीवरून क्षितिजापर्यंत जाते. त्या वाटेवर घर उभे राहिले, गच्चीवर पाण्याची टाकी आली किंवा फलक उभारला तर त्याची सावली थेट गाभाऱ्यात पडते. या अडथळ्यांची चर्चा कोल्हापुरात वारंवार होत आली आहे.

अडथळ्याचे मोल आकड्यांत सांगता येते. मूर्तीपासून ४०० मीटरवरील इमारतीवर ३ मीटर उंचीचा एक मजला चढविला असे समजू. त्यामुळे क्षितिज सुमारे ०.४३ अंशाने उंचावते. सूर्याला तेवढे अंतर उतरण्यास जवळजवळ दोन मिनिटे लागतात. म्हणजे सोहळा दोन मिनिटे आधी संपतो. मागे घेतलेल्या उदाहरणात प्रकाश मिनिटास २० सेंटिमीटर चढत होता. दोन मिनिटे गेली तर ४० सेंटिमीटर गेले. प्रकाश छातीपाशी थांबेल, मुखापर्यंत पोहोचणार नाही. शेकडो वर्षांची व्यवस्था एका मजल्याने अपुरी राहते, आणि मजला बांधणाऱ्यास त्याची कल्पनाही नसते. कारण त्याचे घर देवळापासून दूर असते.

यावर उपाय सुचतो तो प्रकाशाच्या उलट वाटेच्या तत्त्वातूनच. मूर्तीच्या मुखावर प्रकाश पडावयाचा असेल तर मुखापासून पाहिले असता सूर्य दिसला पाहिजे. तेथून आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढ्याच तुकड्यातून प्रकाश आत येऊ शकतो. २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी याच तत्त्वाने एक नवल करून दाखविले. प्रक्षेपकाने क्रमाक्रमाने आकार टाकून आणि समोरच्या कॅमेऱ्याने परत आलेला उजेड मोजून, प्रक्षेपकाच्या जागी कॅमेरा असता तर दिसले असते तसे चित्र त्यांनी गणिताने मिळविले. कॅमेऱ्याकडे पाठ असलेल्या पत्त्याचे तोंडही त्यांना त्या रीतीने वाचता आले.

गाभाऱ्यात कॅमेरा ठेवण्याचे कारण नाही. उंबऱ्याच्या बाहेरून मोजणीयंत्राने आकाशाचा हा तुकडा मूर्तीच्या चरण, मध्य व मुख या तीन उंचींसाठी काढता येईल. त्यावर नोव्हेंबर व फेब्रुवारीतील सूर्याचे मार्ग रेखाटले की सूर्य आणि मूर्ती यांच्यामध्ये कोणत्या जागी किती उंचीपर्यंत बांधकाम चालेल हे एका नकाशात दाखविता येईल. मग एखादा अडथळा पाडावा की नाही हा वाद उत्सवाच्या आदल्या आठवड्यात न होता, बांधकामाची परवानगी देतानाच प्रश्नाचा निकाल लागेल. प्रक्षेपकाचा उपयोग येथेही आहे. देवळाची व परिसराची प्रमाणबद्ध प्रतिकृती करून तिच्यावर प्रक्षेपकाने मावळत्या सूर्याचा प्रकाश चालविला, तर नव्या इमारतीची सावली कोठे पडेल हे नगररचनेचे गणित न जाणणाऱ्या नागरिकालाही डोळ्यांनी पाहता येईल. ताजमहालाच्या प्रतिकृतीवर जे सौंदर्यासाठी झाले ते येथे निर्णयासाठी करता येईल.

प्रक्षेपक इतका समर्थ झाल्यावर, किरण न पोहोचल्यास यंत्रानेच तसा सोनेरी पट्टा मूर्तीवर का पाडू नये, असा प्रश्न कोणी विचारील. तांत्रिक दृष्ट्या त्यात काहीच अवघड नाही. उगम, वेग, रंग आणि कड यांचे आकडे वर आलेच आहेत. परंतु त्या पट्ट्याने केवळ आकाराची नक्कल होईल. किरणोत्सव पाहणारा मनुष्य दूरच्या क्षितिजापासून गाभाऱ्यापर्यंतची सबंध वाट त्या सायंकाळी मोकळी आहे, याचा साक्षी असतो. सूर्याची आज्ञावली शतकानुशतके बिघडलेली नाही आणि पुढेही बिघडणार नाही. या योजनेतील मनुष्याच्या स्वाधीन असलेला भाग एवढाच की, मधली वाट अडू न देणे.